पिंपळापुरे साहेबांचे निदान

नीळकंठराव पिंपळापुरे लढाईच्या दिवसांत साडेतीन वर्षे आमच्या अबकारी कचेरीचे सब-इन्स्पेक्टर होते. त्या काळात त्यांची फटफटी कोणत्या दिवशी बंद पडली, कोठे पडली, खरोखर कशाने पडली आणि साहेबांनी कारण काय सांगितले, याची मी एक यादी ठेवली होती. चार रकाने होते. तिसऱ्यात दर वेळी नवे काहीतरी असे. चौथ्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द होता : कार्बुरेटर.

कचेरीत माझे कामच याद्यांचे होते. जंगलातल्या भट्ट्यांवर छापा पडला की मोहाच्या दारूच्या बाटल्या, मडकी, नळ्या असा सारा मुद्देमाल आमच्याकडे जमा व्हायचा. मी त्याची यादी करायची, बाटलीला चिठ्ठी बांधायची, बुचावर लाखेची मोहोर उमटवायची आणि खटला उभा राहीपर्यंत ती मालखान्यात ठेवायची. कचेरी चिचगडकडच्या जंगलपट्टीत होती. गावाचे नाव लिहीत नाही, माझे सोबती तेथे अजून नोकरीला आहेत.

साहेब उंच, गोरे, नाकाने तरतरीत. खाकी अर्धी चड्डी, गुडघ्यापर्यंत मोजे आणि कपाळावर चढवलेला धुळीचा चष्मा. हा चष्मा कचेरीत, जेवताना, एकदा तर सत्यनारायणाच्या पूजेतही कपाळावरच होता. फटफटी विलायती, एका रेल्वेच्या गोऱ्या इंजिनियरकडून एका पाद्रीबाबाकडे आणि पाद्रीबाबाकडून साहेबांकडे आलेली. टाकी मूळची हिरवी असावी.

या फटफटीवर बसून साहेब चोरून दारू गाळणाऱ्यांना पकडायला निघत. तिचा आवाज कोसभर ऐकू जाई. ते पोहोचेपर्यंत भट्टी विझलेली, मडकी नाल्यात बुडवलेली आणि माणसे मोहाखाली बसून विड्या ओढत असलेली. "रामराम साहेब, लय दिसानं येणं केलं जी," असे म्हणून ती उठून उभी राहत. एवढा आवाज करून चोर पकडायला जाणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. त्यांचे जे चार-सहा छापे यशस्वी झाले, ते सगळे गाडी वाटेत बंद पडून साहेब पायी पोहोचले त्या दिवशीचे. कचेरीत मुद्देमाल आला की आमचा चपराशी सोमाजी विचारायचा, "कोठी बंद पडली जी आज?"

हा सोमाजी दवनीवाड्याकडचा. चोवीस वर्षे नोकरी झालेली, पेन्शनला दीड वर्ष उरलेले. काळा, काटक, बोलण्यात कोणाचा मुलाहिजा न ठेवणारा. संध्याकाळी तो थोडी घेत असे, आणि हे तो स्वतःच सांगत असे. अबकारीच्या चपराशाने हे सांगू नये असे मी त्याला एकदा म्हटले, तर म्हणाला, "ठेक्याची पेतो जी, पावतीची. त्यातनंच तं सरकारचं पोट भरते."

साहेबांचा कार्बुरेटरावर जीव होता. त्याला ते "यंत्राचे जठर" म्हणत. "माणसाचा रोग जठरात, गाडीचा रोग कार्बुरेटरात. बाकी सगळे अवयव निरोगी असतात," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की झोपेतून उठवले तरी म्हणून दाखवीन. त्यांच्याकडे कोणा इंग्रजी पुस्तकाची फाटकी प्रत होती. तिची फक्त पहिली चाळीस पाने शिल्लक होती आणि त्यांत कार्बुरेटर होता. मागची पाने असती तर साहेबांना गाडीचे इतर भागही कळले असते आणि आम्हाला जास्त त्रास झाला असता.

ही वस्तू मुळात फार गहन नाही. गोंदियात धानाच्या गिरणीचे इंजिन सांभाळणाऱ्या छोटेलाल मिस्त्रीने ती मला पानाच्या ठेल्यावर उभ्या उभ्या समजावली. टाकीतले पेट्रोल एका वाटीत उतरते. वाटीत पोकळ पितळी डबी तरंगते, तिला फ्लोट म्हणतात. वाटी भरली की डबी वर उचलली जाते आणि वरून येणारी वाट सुईने बंद करते. वाटीतले पेट्रोल जेट नावाच्या बारीक भोकातून हवेबरोबर इंजिनात जाते. संपले. साहेबांना हेच सांगायला तास लागे, आणि तासानंतर ऐकणाऱ्याला त्यातले काहीच कळलेले नसे.

शिवाय त्यांना ऐकणारे लागत. गाडी बंद पडली की ते आधी सावली पाहत, मग माणसे. चौघे-पाच जण जमल्याशिवाय पहिला नट उघडायचा नाही. मग पांढरे फडके अंथरायचे, पितळेची थाळी मांडायची, थाळी सोमाजीने दोन्ही हातांत धरायची, आणि एकेक भाग काढून, फुंकर मारून, नाव सांगून तिच्यात ठेवायचा. न्हाव्याने धोकटी उघडावी तसा प्रकार.

पहिल्याच महिन्यात चिचगडच्या वाटेवर गाडी थांबली. मी सायकलवर मागे होतो, सोमाजी माझ्या सायकलच्या दांडीवर. साहेबांनी कार्बुरेटर उघडला, पुसला, बसवला. गाडी चालू होईना. पुन्हा उघडला, जेटमधून घोड्याच्या शेपटीचा केस फिरवला, बसवला. होईना. तिसऱ्यांदा उघडला तेव्हा थाळी धरून सोमाजीचे हात भरून आले होते.

"साहेब," तो म्हणाला, "टाकीखालची हे तोटी रोज उभी राह्यते जी. आज आडवी काऊन हाये?"

पेट्रोलची तोटी बंद होती. साहेबांनी ती उघडली, गाडी पहिल्या लाथेला सुरू झाली. चष्मा डोळ्यांवर ओढत साहेब म्हणाले, "बघितलंस? तीनदा साफ केल्याशिवाय जेट मोकळं होत नाही."

दुसरी गोष्ट नाल्याजवळच्या देवाची. एका पावसाळ्यानंतर गाडी कचेरीपासून दोन मैलांवर, नाल्याच्या उतारावर, रोज एकाच जागी बंद पडू लागली. तेथे साजाच्या झाडाखाली शेंदूर फासलेला दगड आहे. गावाने निकाल दिला की साहेब देवापुढून जोडे घालून, धूर सोडत जातात, म्हणून हे होते. साहेब चारचौघांत हसले. "देवाचा आणि कार्बुरेटरचा संबंध काय?" दुसऱ्या दिवशी सोमाजीच्या पिशवीत नारळ होता.

"कोणाचा रे?" मी विचारले.

"जठराचा जी," तो म्हणाला.

नारळ फुटला. तोवर साहेबांनी पेट्रोल किती उरले ते पाहण्यासाठी टाकीचे झाकण उघडून काडी बुडवली होती. झाकण लावले, लाथ मारली, गाडी सुरू. मग रोज नारळ, रोज काडी, आणि रोज गाडी सुरू. पंधरा दिवस हा खेळ चालला. पुढे साहेब कामाने गोंदियाला गेले, तेव्हा छोटेलालने झाकण हातात घेतले, उजेडाकडे धरले आणि हसू लागला. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असते. पावसाळ्यात कुंभारीण माशीने त्यात चिखलाचे घर बांधले होते. हवा आत जाईना, म्हणून दोन मैलांवर पेट्रोल उतरणे थांबे. काडी घालायला झाकण उघडले की हवा आत जाई.

"साब, भगवान का कोई दोष नहीं," छोटेलाल म्हणाला. "और कार्बुरेटर का भी नहीं."

पहिले साहेबांनी लगेच मान्य केले. दुसरे केले नाही.

छोटेलालवर त्यांचा राग बसला तो तेव्हापासून. पुढच्या उन्हाळ्यात फ्लोटला बारीक चीर गेली. डबीत पेट्रोल शिरून ती बुडू लागली, वाटी भरून वाहू लागली. खरे म्हणजे हा दोष कार्बुरेटरचाच होता, आयुष्यात प्रथमच. छोटेलाल म्हणाला, डबी ठेवून जा, गरम पाण्यात बुडवून चीर शोधतो, आतले पेट्रोल काढतो, डाग देतो, परवा न्या.

"मला पितळ शिकवतोस?" साहेब म्हणाले, आणि बैलगाडीवर फटफटी लादून परत आले. कचेरीत माझ्या टेबलावरची सरकारी लाख त्यांनी पणतीवर वितळवली आणि चिरेवर थापली. मी पाहत होतो. बाटल्यांवर मोहोर मारायची तीच लाख.

दोन महिने ती टिकली. हे कबूल केले पाहिजे, आणि साहेबांनी ते आम्हाला रोज कबूल करायला लावले. येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत, "पेट्रोलात लाख हजार वर्षं राहील. हे ज्ञान त्या गिरणीवाल्याला नाही." पोस्टमनला सांगितले. लाकडाच्या ठेकेदाराला सांगितले. एका आरोपीला सांगितले.

त्याच दिवसांत पेट्रोल आवळले. कुपनावर मिळे ते आठवड्यालाही पुरेना. आसपासच्या मोटारी कोळशाच्या गॅसवर चालू लागल्या किंवा गोठ्यात उभ्या राहिल्या. साहेबांची फटफटी मात्र पूर्वीइतकीच फिरत होती. ती खोकत होती, चढावर दम सोडत होती, पण फिरत होती. कुपनाच्या हिशेबाने ती सहाव्या दिवशी थांबायला हवी होती. हे माझ्या लक्षात आले. मी ते यादीच्या कोणत्याच रकान्यात लिहिले नाही.

मग म्हातारीचा खटला निघाला. फुलाबाई नावाची ही बाई जंगलकडेच्या एका टोल्यावर, म्हणजे चार झोपड्यांच्या वस्तीत, राहायची. साहेब पायी पोहोचले त्यांपैकी एका दिवशी तिच्या झोपडीत आठ बाटल्या सापडल्या होत्या. तालुक्याच्या कोर्टात मॅजिस्ट्रेटसाहेबांनी एक बाटली उघडायला लावली. मोहोर शाबूत होती. बूच काढले, वास घेतला, आणि त्यांनी बाटली माझ्याकडे सरकवली. पाणी होते. आठही बाटल्यांत पाणी.

फुलाबाईला सुटकेचा आनंद व्हायला हवा होता. ती पिंजऱ्यातूनच ओरडली, "हे माही दारू नाही होय! माह्या दारूले काडी लावली तं निळी पेटते! विचारा साऱ्या गावाले! पानी इकतो का मी?"

कोर्ट हसले. समोर पाणीच होते, त्यामुळे मॅजिस्ट्रेटांनी तिला सोडून दिले. तिचा अपमान झाला होता, आणि ती जाताना साहेबांना शिव्या देत गेली.

मुद्देमाल कोणी प्यायला, हा प्रश्न उभा राहिला. परत येऊन मी मालखाना तपासला. आणखी एकवीस बाटल्यांत पाणी निघाले, आणि सगळ्या माझ्या यादीत "कडक", म्हणजे काडी लावली की पेटणारी, अशी खूण असलेल्या. मालखान्याची किल्ली साहेबांच्या खुर्चीमागे खिळ्याला असे. मोहोरेचा पितळी ठसा त्यांच्या टेबलाच्या उघड्या खणात असे. ती खोली रोज झाडायचा सोमाजी. आणि सोमाजी पितो हे साऱ्या गावाला ठाऊक होते.

साहेबांनी वेळ घालवला नाही. दुसऱ्याच दिवशी सोमाजीला घरी बसवले आणि वर लिहिले की मुद्देमाल चपराशाने प्राशन केला, याला बडतर्फ करावे. बडतर्फी म्हणजे पेन्शन बुडाली. चोवीस वर्षे थाळ्या धरल्याचे काही उरले नसते.

सोमाजी माझ्या घरी आला. दाराबाहेरच उभा राहिला.

"बाबूजी, मी पेलो नाही जी."

"मला माहीत आहे."

"तुमाले माहीत हाये, मले माहीत हाये. फटफटी गेली का गावातली कुत्री बी मान वर करून वास घेतेत, त्याईले बी माहीत हाये. कायले कोनी बोलत नाही जी?"

मी त्याला बसायला सांगितले. तो बसला नाही. काय सांगायचे हे मी तेव्हाच ठरवायला हवे होते. पण मुद्देमालाच्या यादीवर सही माझी होती. साहेबांवर बोट दाखवले तर ते उलटून माझ्यावर येईल, अशी माझी भीती होती. "चौकशी होईल, तेव्हा बघू," एवढेच मी म्हणालो. साहेबांना मी या लेखात पुष्कळ हिणवले आहे. त्या दिवशी मी त्यांच्याहून फार बरा नव्हतो.

चौकशीला जिल्ह्याहून मोठे साहेब आले. बुटके, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी मालखाना पाहिला, किल्ली पाहिली, खण उघडून बंद केला. सोमाजीला विचारले, "पितोस?" तो म्हणाला, "पेतो जी. पण हे नाही पेलो." हे त्यांनी लिहून घेतले. पिंपळापुरे साहेबांचे बोलणे लांब चालले. दुपारच्या जेवणाआधी मोठ्या साहेबांनी कागद आवरले. बडतर्फीचा हुकूम जेवणानंतर निघणार हे आम्ही सगळे समजलो. सोमाजी आणि त्याची बायको अंगणात कडुनिंबाखाली बसली होती.

जेवायला जाता जाता मोठे साहेब अंगणातल्या फटफटीजवळ थांबले. ती चार दिवसांपासून बंद होती. काहीतरी बोलायचे म्हणून ते बोलले, "गाडीला काय झालं हो तुमच्या?"

ते जेवण थंड झाले.

पांढरे फडके आले. पंच, कोतवाल, मोठ्या साहेबांचा ड्रायव्हर, सारे गोळा झाले. साहेबांचा चेहरा उजळला. पाना हातात घेऊन त्यांनी सवयीने मागे न पाहता हाक मारली, "सोमाजी, थाळी!"

आणि सोमाजी उठला, थाळी घेऊन आला, दोन्ही हातांत धरून उभा राहिला.

वाटी उघडली. तळाशी पाणी, वर पेट्रोल, आणि साऱ्याला मोहाचा वास. अंगणातल्या प्रत्येकाला तो आला. साहेबांना आला नसावा, कारण ते फ्लोटकडे पाहत होते. चिरेवरची लाख पातळ होऊन ओघळली होती. डबी पेट्रोलने जड झाली होती. जेट चिकट गराने बुजले होते. साहेबांनी गर बोटावर घेतला, चोळला, उन्हात धरला. त्यांच्या तोंडावर असे समाधान मी कधी पाहिले नव्हते.

"इकडे बघा साहेब," ते म्हणाले. "सगळे म्हणतील कचरा. कचरा नाही. ही लाख. मी स्वतः लावलेली. पेट्रोलात लाख विरघळत नाही, पाण्यात विरघळत नाही. जगात एकाच पदार्थात विरघळते. मद्यार्कात. म्हणजे निदान अगदी स्पष्ट आहे, टाकीत मद्यार्क..."

तेथे ते थांबले.

निदान बरोबर होते. शब्द न् शब्द बरोबर होता. छोटेलालनेही याहून नीट सांगितले नसते.

"टाकीत मद्यार्क कुठून आला?" मोठ्या साहेबांनी विचारले.

पिंपळापुरे साहेबांनी अंगणाकडे पाहिले, आकाशाकडे पाहिले. "मोहाचा हंगाम आहे," ते म्हणाले. "हवेत... बाष्प असतं. टाकीच्या झाकणातून..."

"साहेब," थाळी तशीच धरून सोमाजी म्हणाला, "मोहाखालून मी रोज जातो जी. हवेनं चढत असती तं मी ठेक्यावर पैसे कायले मोडलो असतो?"

ड्रायव्हर हसला, मग पंच हसले. मोठे साहेब हसले नाहीत. त्यांनी वाकून वाटीचा वास घेतला आणि माझ्याकडून पाणी निघालेल्या बाटल्यांची यादी मागून घेतली. "कडक तेवढ्याच," ती वाचून ते म्हणाले. मग मला विचारले, "तुम्हाला शंका होती?"

"होती."

"लिहिली का नाही?"

त्यांनी माझ्याही नावापुढे काहीतरी टिपले, आणि ते योग्यच होते.

साहेबांचा जबाब त्याच दुपारी झाला. चार पाने. त्यांपैकी तीन पाने लाखेच्या गुणधर्मांवर होती. सोमाजीविषयी एकही ओळ नव्हती. मोठ्या साहेबांनी ती वेगळी लिहायला लावली तेव्हा पिंपळापुऱ्यांनी शब्दांवरून अर्धा तास वाद घातला. "निर्दोष" लिहायला ते तयार नव्हते, "दोष सिद्ध होत नाही" म्हणत होते. शेवटी "निर्दोष" लिहिले. त्यांचे अक्षर सुंदर होते.

चार दिवसांनी ते गेले. नोकरी गेली की बदलीवर भागले, हे मला नक्की कळले नाही आणि मी विचारलेही नाही. फटफटी बैलगाडीवर दोरांनी आवळली होती. शेजारी बसायला जागा नव्हती, म्हणून साहेब गाडीमागून चालत होते. एका हाताने मागचे चाक धरलेले, चष्मा कपाळावर.

कचेरीच्या ओसरीवर सोमाजी नुकताच कामावर रुजू होऊन पट्टा बांधत होता. साहेब ओसरीसमोर आले, हनुवटी किंचित वर केली आणि सलामाची वाट पाहत पाऊल हळू टाकले. सोमाजीने पट्टा कमरेभोवती सरळ केला, पितळी बिल्ला मधोमध आणला, बक्कल एका भोकात घातले, सैल वाटले म्हणून काढून पुढच्या भोकात घातले. त्याचे दोन्ही हात मोकळे झाले तेव्हा बैलगाडी वळणाच्या पलीकडे गेली होती.